तेल्लेर्वोचा अंदाज

आमच्या शेजारची तेल्लेर्वो पोस्टात पत्रं वाटून निवृत्त झाली. कॉफीत साखर ती अंदाजाने घालते आणि तिचा अंदाज नेहमी जास्तीचाच असतो. नवरा औलिस मात्र मोजूनमापून वागणारा. स्नायूंच्या आजारात त्याचे हातपाय गेले, वाचा गेली, डोळे तेवढे राहिले. तो नजरेने अक्षरं निवडतो आणि जुना लॅपटॉप ती बोलून दाखवतो.

या लॅपटॉपला जागं करणारं फर्मवेअर औलिसने, हात चालत होते तेव्हा, स्वतः बदललेलं. कंपनीचं बंदिस्त काढून सगळ्यांसाठी खुलं असलेलं घातलं. त्यामुळे एकही दुकानदार त्याला हात लावत नाही.

हल्ली पडदा अडखळायचा. चित्रासाठी मुख्य मेमरीतून मिळणारा वाटा तुटपुंजा पडत होता. तो वाढवायची आज्ञा औलिसने सांगितली, तेल्लेर्वोने टाइप केली आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

पडदा काळा तो काळाच.

तिने हाक मारली तसा मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावलो. मी सुतार, मला त्यातलं काय कळणार? ज्याला कळत होतं त्याचीच वाचा त्या काळ्या पडद्यामागे अडकलेली.

"औलिस, हो असेल तर वर बघ, नसेल तर डोळे मीट," तेल्लेर्वो म्हणाली. "उघडायचा का?"

वर.

"मोठी बॅटरी काढू?"

वर. काढली, वायरही काढली. तरी त्याची नजर कीबोर्डवरच.

"याच्याखाली काही आहे?"

वर. कीबोर्ड उचलला. खाली नाण्याएवढी बॅटरी.

"ही? हिच्यामुळे टाकलेले आकडे टिकून राहतात? काढली की जुने परत येतात?"

वर, वर, वर.

ती काढून दहा मिनिटं आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. मग सगळं परत जोडलं, आणि पडदा उजळला.

लॅपटॉप हळूहळू बोलू लागला, "मी चौसष्ट एमबी सांगितले होते. तू किती टाकलेस?"

"तीनशे बावन्न," ती रडत म्हणाली. "आकड्यांच्या यादीत सगळ्यात मोठा तोच होता. म्हटलं, तुला लवकर बोलता येईल."

बराच वेळ अक्षरं जुळत राहिली.

"घाई कशाला? मला कुठं जायचंय?"

तिने डोळे पुसले आणि चौसष्ट टाकले. एकेका आकड्यावर बोट ठेवून.