इराण्याच्या बायकोची घागर

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आमचं गाव नंदुरबारपासून बैलगाडीने अर्ध्या तासावर. त्या काही महिन्यांत मी देवाबद्दल जेवढं ऐकलं तेवढं पुढे उभ्या आयुष्यात ऐकलं नाही. सांगणारे वडील. दर बाजारच्या दिवशी ते स्टेशनसमोरच्या इराण्याच्या हॉटेलात चहा पीत, त्याच्याशी भांडत आणि घरी येऊन तेच भांडण पुन्हा एकट्याने लढत.

इराणी बहाई होता. त्याचं म्हणणं, देव एकच आणि तो कुणाच्याच ध्यानात मावत नाही; म्हणून युगायुगाला तो कुणाला तरी पाठवतो. कृष्ण त्याने पाठवला, येशू त्याने, पैगंबरही त्यानेच, आणि अलीकडे इराणात आला तोसुद्धा. वडिलांना हे झोंबलं ते कृष्णापायी. "आम्हना देव याले कोनी वाटाले दिन्हा?" असं ते ताटावर बसून विचारत. त्यावर इराणी म्हणायचा, थंडीत सूर्य गोदामामागून उगवतो, उन्हाळ्यात चिंचेमागून. म्हणून सूर्य दोन होतात का? वडील रोज पहाटे उठणारे शेतकरी. हे खोटं म्हणता येईना, याचाच त्यांना जास्त राग. बाकी गिऱ्हाइकं माना डोलवत. बिस्किटं चांगली असायची.

आई हॉटेलात कधी गेली नाही. ती बाहेर गाडीतच बसून राही. एकदा इराण्याची बायको तिच्यासाठी चहा घेऊन आली. आईने कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. परक्याच्या हातचं शिजलेलं आमच्यात चालत नसे. ती बाई कप परत घेऊन गेली. पुढच्या बाजारी तिने अख्खं डाळिंब आणून दिलं. फळाला विटाळ नसतो हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मग दर बाजारी एक फळ येऊ लागलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिला मूल नाही एवढं मात्र आईला कळलं होतं. ते कळायला भाषा लागत नाही.

माघात ती तापाने गेली. बहाईंमध्ये माणसाला पुरतात, आणि गावापासून तासाभराच्या वाटेपलीकडे नेत नाहीत. मुसलमान म्हणाले, ती आमची नव्हे. ख्रिस्ती म्हणाले, नवापूरला विचारा. नवापूर तासाभरात येत नव्हतं. हिंदूंकडे जाळायची जागा होती. कुणी म्हणालं, रेल्वे आहे, सुरतेला न्या. देव एक हे हॉटेलात सगळ्यांना मान्य होतं, अडलं ते जमिनीपाशी. इराणी प्रेताशेजारी बसून होता आणि दिवस चढत होता.

वडील हे सांगायला घरी आले. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बांधवरना निंबखाले जागा शे."

आमच्याकडे तान्ही मुलं जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या बांधावरच्या त्या निंबाखाली माझ्या दोन बहिणी होत्या, बारशाआधीच गेलेल्या.

"तठे आपल्या पोरी शेतस," वडील म्हणाले.

"म्हनीसनच सांगी ऱ्हायनू. एकल्याच शेतस त्या."

वडिलांनी गाडी जुंपली. दुपारी तिला निंबाखाली ठेवलं. इराण्याने उभं राहून एकट्याने प्रार्थना म्हटली. त्यांच्यात ती एकानेच म्हणायची असते. वडील हात जोडून उभे होते. गावात काही दिवस कुजबुज झाली, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. महिन्याभराने हॉटेल पुन्हा उघडलं, तेव्हा वडील गेले आणि कृष्णावरून पहिल्यासारखे भांडून आले. मला फार बरं वाटलं.

मग मी सासरी गेले आणि आखाजीला बाळ घेऊन परत आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. तान्ह्या मुलांच्या नावाने भरत नाहीत, तशी रीतच नाही. आईनेही कधी भरली नव्हती. त्या दिवशी पूर्वजांची घागर पुजून झाल्यावर तिने दुसरी एक लहान घागर भरली, डोक्यावर घेतली आणि शेताकडे निघाली.

"ही कोन्ही?" वडिलांनी विचारलं.

"इराणीननी."

"तेस्ना धरममा घागर ऱ्हास का?"

"मले मालूम नही," आई म्हणाली. "पन ती एकली थोडीच पी. पोरीस्ले बी पाजी."