खदानीतला नारळ
खंडेनवमीला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला की ग्रीस आणि फुलांचा मिळून एक वास सुटतो, आणि मला पाटोद्याकडची ती बंद पडलेली दगडाची खदान आठवते. मामाला मीच हट्टानं तिथं घेऊन गेलतो, त्याचा उजवा पंजा खाल्लेली मशीन बघायला. खड्ड्यात हिरवं पाणी साचलेलं, मशीनच्या सांगाड्यातून बाभळी वर आलेल्या, आणि दगड कापायचं ते माणसाएवढं दातेरी चक्र गंजून जागेवरच अडकलेलं. त्याच्या चौकटीवर लाल डाग दिसले तसा मी मागं सरलो. मामा हसला. “रगत न्हाई बे, शेंदूर हाय त्यो.” पंजा तुटला तेव्हा रक्तानं मशीन बाटली म्हणून मालकानं आधी तिची पूजा मांडली होती, जीप दारात उभी होती, पण दवाखाना नंतर. “नारळ कुणी फोडला?” मी विचारलं. “मीच की. ज्याचं रगत त्यानंच फोडायचा, म्हणला मालक.” मनगटाला फडकं आवळून मामानं डाव्या हातानं नारळ आपटला, पण तो पहिल्या दणक्याला फुटला नाही. तसा मालक खेकसला, “अपशकुन केलास. उद्यापासून कामावर येऊ नगंस.” हे ऐकून मला त्या लोखंडावर थुंकावंसं वाटत होतं, तोवर मामा वाकून चक्राला डोकं टेकवून पाया पडलासुद्धा. आज आमच्या नव्या ट्रॅक्टरपुढं मी नारळ एका दणक्यात फोडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओट्यावर बसलेला मामा डाव्या हातानं आपल्याच मांडीवर थापा मारत होता.