भाऊजींनी कोरलेला चमचा

भाऊजी गेल्याचा निरोप अमरावतीहून येणाऱ्या मोटारीच्या कंडक्टरनं आणला. मी मास्तर असलेल्या अकोल्याच्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून त्यानं सांगितलं आणि तो परत मोटारीकडे पळाला. मला रडू आलं नाही. पहिला विचार आला तो अक्काचा... आता तिला जेवू कोण घालणार?

अक्का माझी थोरली बहीण. वऱ्हाड प्रांत नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्या सुमाराला तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, शब्द अडकू लागले. मूलबाळ नव्हतं. भाऊजी अमरावतीला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. ज्या माणसानं घरात पाण्याचा गडवा कधी हातानं उचलून घेतला नव्हता, तो सरकीची धूळ अंगावर घेऊन घरी यायचा आणि बायकोला भरवायला बसायचा. पण पितळी चमचा तोंडात गेला की तिचे दात त्यावर करकचून मिटायचे, हिरड्यांतून रक्त यायचं. पुढं पुढं तर चमचा दिसला की ती तोंडच घट्ट मिटून घेई. वाळून काटकी झाली होती.

एका रविवारी गेलो तर भाऊजी ओसरीवर पाय पसरून बसलेले, हातात सुताराकडून मागून आणलेली पटाशी.

"हे काय करून राहिले, भाऊजी?"

"चमचा. लाकूड दाताले लागत नाही."

"मंग सुतारालेच सांगायचं ना."

"सांगतलं. त्यानं वाढायचा डाव करून देल्ला. तिच्या तोंडात जाते का तो?"

पहिला चमचा त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाच्या ओल्या फांदीचा केला. अक्कानं घास थुंकून टाकला आणि म्हणाली, "कडू!" आजारपणानंतरचा तिचा तो पहिला स्वच्छ शब्द. भाऊजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. दुसऱ्यासाठी परतवाड्याहून सागाचा तुकडा आणला. खोलगा कोरताना पटाशी लाकडाच्या रेषेबरोबर सटकली, चमचा उभा चिरला आणि तळहातही. चिंधी बांधून ते दुसऱ्या दिवशी कामावर गेले. तिसरा शिवणीच्या हलक्या लाकडाचा. या वेळी रेषेला आडव्या हातानं, जरा जरा करत कोरला, फुटक्या काचेनं घासला, जवसाचं तेल पाजलं. दांडी वाकडीच राहिली. पण त्या चमच्यातला वरण-भाकरीचा काला अक्कानं गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं. नंतर विहिरीवर हात धुताना भाऊजी एवढंच म्हणाले, "लय थकलो रे बाबू..."

त्यानंतर कित्येक वर्षं ते तसेच थकलेले होते, आणि भरवत होते.

तेराव्यानंतर अक्काला मी अकोल्याला आणलं, चमचाही आणला. माझी बायको भरवू लागली, पण अक्का एक-दोन घासांवर तोंड मिटून घेई. बायको रडकुंडीला आली. शेवटी मीच चिडलो. "अक्का, काहून जेवत नाही? चमचा तर तोच आहे ना?"

शब्द गोळा करायला तिला बराच वेळ लागला. "तुमी... बोलत... नाई."

मग हळूहळू तिच्याकडूनच कळलं. भरवताना भाऊजी दिवसभराचं सगळं सांगत : कापसानं भरलेली कोणाची बैलबंडी उलटली, शेठजी कोणावर भडकले. आम्ही मुकाट्यानं घास देत होतो, एकदाचं उरकावं म्हणून.

आता शाळेतून आलो की मी तिच्या खाटेशी बसतो. अंग आंबलेलं असतं, बोलायची जराही इच्छा नसते. तरी सांगतो : आज चौथीच्या वर्गात माकड शिरलं, हेडमास्तरांची टोपी पळवली... मधेच थांबलो तर अक्का डाव्या हातानं खाट ठोकते.

"मंग?" म्हणते, आणि तोंड उघडते.