मराठीतून मराठीत

आमच्या वरच्या खोलीत सुदानहून शेतकी शिकायला आलेला एक विद्यार्थी भाड्याने राहायचा. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. वर्ग इंग्रजीत चालत. मराठी तो घरमालकिणीकडून शिकला. तिला तो मावशी म्हणे. त्यामुळे त्याची मराठी अस्सल नागपुरी होती. मी पुण्याचा, त्याच घरातला भाडेकरू, नागपुरातल्या एका वृत्तपत्रात उपसंपादक. बातम्यांतले ‘मले-तुले’ काढून ‘मला-तुला’ करणे हे माझे काम.

एका सकाळी तो पोट धरून जिन्यावर बसला. मावशी आणि मी त्याला सायकलरिक्षाने धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात नेले. तिथले सर्जन सभ्य होते. अपेंडिक्स आहे, आजच काढायला हवे, फुटले तर जिवावर बेतेल, असे त्यांनी सांगितले. मग नातेवाइकाची सही मागितली.

“नातेवाईक सुदानला आहेत,” मी म्हणालो.

“मग वकिलातीचं पत्र आणा.”

“वकिलात दिल्लीला आहे.”

“परदेशी माणूस आहे हो. काही झालं तर मी कुणाला उत्तर देऊ?”

त्यांनी सरकारी रुग्णालयात जायला सांगितले. लिहून काही दिले नाही. दारापर्यंत सोडायला मात्र आले.

सरकारी रुग्णालयात चिठ्ठी करणाऱ्या कारकुनाने गाव विचारले. खार्टूम.

“तालुका?”

“उमरेड लिहा,” मावशी म्हणाली. तिचे माहेर तिथले. कारकुनाने लिहिले आणि रांग पुढे सरकली.

आतले डॉक्टर तरुण होते, पुण्याकडून नुकतेच आलेले. टेबलाभोवती माणसांचा वेढा होता. त्यांनी मान वर न करता विचारले, “पोट दुखतंय?”

“दुखून राहिलं, डॉक्टरसाहेब,” तो म्हणाला.

“राहिलं ना? मग झालं तर. घरी जा.”

“काहून?”

“अहो, राहिलं म्हणालात ना तुम्ही?”

“हो. दुखून राहिलं.”

“त्याचं पोट दुखून राहिलं जी!” मावशी ओरडली. “पोरगं मरून राहिलं इथं!”

“मेलेलं नाही, बाई. समोर उभं आहे.”

मी पुढे झालो आणि मराठीतून मराठीत भाषांतर केले. इकडे ‘दुखून राहिलं’ म्हणजे दुखायचे थांबलेले नाही. आत्ता, या क्षणी दुखते आहे. डॉक्टर उठले. त्याला आडवे करून त्यांनी पोटावर उजवीकडे दाबले. तो अरबीत काहीतरी बोलला. त्याचे भाषांतर करावे लागले नाही.

सही इथेही हवी होती. मावशीने ती केली. नाते विचारल्यावर म्हणाली, “मावशी.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. “सख्खी?”

“नाही तं काय!”

शस्त्रक्रिया दुपारी झाली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते, असे नंतर कळले.

वॉर्डात मी त्याला प्रमाण मराठी शिकवली. दुखणे थांबले, की ‘दुखायचं राहिलं’ म्हणायचे. त्याने ते पाठ केले. पुढच्या फेरीला डॉक्टर खाटेपाशी थांबले आणि जपून, एकेक शब्द उच्चारत म्हणाले, “काय, दुखून राहिलं का?”

“नाही. दुखायचं राहिलं.”

“राहिलं,” डॉक्टरांनी मान डोलावली आणि सिस्टरला वेदनाशामक इंजेक्शन द्यायला सांगून ते पुढच्या खाटेकडे गेले.

“काहून?” त्याने मावशीला विचारले.

“घे गा,” मावशी म्हणाली. “डॉक्टर मराठी शिकून राहिले.”