नाक तासून घ्यायला देवासला

वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत मी माझं नाक बाजूनं पाहिलं नव्हतं. कोण पाहतं हो? आरसा समोरून दाखवतो, आणि समोरून मी बरा होतो. पण धारला आमच्या कचेरीचा फोटो निघाला आणि ऐन वेळी मी शेजारच्याशी बोलायला वळलो. (गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग!) फोटोत सगळ्यांचे चेहरे आले. माझं नुसतं नाक आलं.

नेमकं तेव्हाच देवासचं स्थळ जमलं होतं. त्यांनी मला समोरून पाहून पसंत केलं होतं, मुलगी मला मनापासून आवडली होती, साखरपुडा पंधरा दिवसांवर होता. धास्ती एकच. बायको शेजारी बसते. म्हणजे ही मला जन्मभर बाजूनंच बघणार.

कुणीतरी सांगितलं, देवासला पलटणीतून पेन्शनीत निघालेले एक डॉक्टर आहेत, कपाळाची कातडी काढून नवं नाक बसवतात. नवं बसवणाऱ्याला जुनं जरा तासणं काय जड? सासुरवाडी देवासातच, पण त्याचाही विचार मी केला होता. गाव एक असलं तरी तिथे महाराज दोन, राज्यं दोन. मुलीचं घर थोरल्या पातीच्या राज्यात, डॉक्टर धाकट्या पातीच्या. या राज्यातली बातमी त्या राज्यात कशाला जाईल? दोन्हींच्या मधे फक्त एक रस्ता आहे, हे तेवढं सुचलं नाही.

दवाखान्यात बाकावर तोंडाला उपरणं गुंडाळलेले एक माळवी गृहस्थ होते. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "भिया, तमारी किने काटी?" म्हणजे, तुमचं नाक कुणी कापलं? त्यांचं नाक शेजारणीच्या नवऱ्यानं कापलं होतं. या डॉक्टरांकडे नाकासाठी कोण येतं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी माझं नाक चिमटीत धरून हलवलं. ज्यांना नाही त्यांना देतो, आहे त्याला हात लावत नाही, असं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं.

मुक्कामाला आत्याकडे पोचतो तोच होणाऱ्या सासऱ्यांचं, तात्यांचं, बोलावणं. मला दवाखान्यातून निघताना कुणीतरी पाहिलं होतं. तात्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, हे नाक तुमचंच ना? लाजेनं मेल्यासारखं झालं, पण खरं ते सांगितलं. नुसतं बरं दिसावं म्हणून कुणी शस्त्राखाली जातं, हे त्यांना मुळीच पटेना. खिडकीपाशी नेऊन त्यांनी नाकावर टाके शोधले, मग कपाळ चाचपलं. कपाळावर माझ्या लहानपणी उंबऱ्यावर पडल्याची खूण आहे. तात्यांचा हात तिथेच थांबला.

"स्थळ मोडलं असं समजा," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोलायला शब्द सुचेना (मला!).

तेवढ्यात आतल्या दाराआडून मुलीचा आवाज आला. तो मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तात्या, करवूनच घ्यायचं होतं, तर असलं कशाला करवून घेतलं असतं?"

तात्यांनी माझी हनुवटी धरली, तोंड बाजूनं उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहिलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "साखरपुडा ठरल्या दिवशीच करू."