पियानोला बटण नसतं

"बी फ्लॅटमध्ये घेऊ या," मॅडम म्हणाल्या आणि माझा डावा हात बटणाकडे गेला. तिथे नुसतं लाकूड होतं. मी ते लाकूड दोनदा दाबलंसुद्धा.

मी जव्हारजवळच्या जामसरचा. बारा वर्षं बेंजो पार्टीबरोबर लग्नांत कीबोर्ड वाजवतो. हळदीला मी सुरू झालो की म्हातारी माणसंही खुर्च्या सोडतात, हे स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. पण पावसाळ्यात लग्नं बंद. भाताची लावणी उरकली की दिवाळीपर्यंत वसईला गोदामात माल चढवायचा. इकडे मुलीची शाळा, गुरं आणि कापणी बायको सुगंधा एकटी बघणार. दरवर्षी निघताना जीव नकोसा होतो.

यंदा जव्हारच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरांचा फोन आला. मालकांनी डायनिंग हॉलसाठी जुना पियानो घेतला होता. धबधबे बघायला येणाऱ्या पाहुण्यांना शनिवार-रविवार जॅझ ऐकवायचं होतं. गाणाऱ्या मॅडम वसईच्या, वाजवणारा इथला हवा होता.

"जॅझ येतं का?"

"येतं," मी म्हणालो. मग मोबाईलवर जॅझ म्हणजे काय ते बघितलं.

पंधरा दिवस ब्लूज स्केल घासलं. स्केल म्हणजे सुरांची शिडी. ही सहा सुरांची, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या. तिच्याखाली तीन कॉर्ड. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम दाबायचे. उजव्या हातात स्केल, डाव्या हातात कॉर्ड, सगळं पांढरी एकपासून, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून. इंग्रजीत तिला सी म्हणतात.

आता खरी गोम. लग्नातला गायक म्हणतो, घसा बसलाय, दोन सूर खाली घे. आम्ही कीबोर्डवरचं ट्रान्सपोझचं बटण दोनदा दाबतो. बोटं जागच्या जागी, आवाज खाली. बारा वर्षं मी एकाच जागी वाजवत होतो आणि मला वाटायचं, मी सगळीकडे वाजवतो.

"काय झालं?" मला लाकूड दाबताना बघून मॅडमनी विचारलं.

"मॅडम, मला फक्त सी येतो."

मॅनेजरांनी कपाळाला हात लावला. मॅडम हसत सुटल्या. "मग सीमध्ये वाजव. ऐकू तरी दे."

वाजवलं. बारा वर्षं नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून वाजवलंय, ठेका काही हलत नाही. मॅडम मधूनच गायला लागल्या, पण वरच्या जागेला आवाज फाटला.

"हात चांगला आहे रे. पण गळा माझा आहे, सूर मी ठरवणार. पुढच्या शनिवारी कुठूनही सुरू करीन."

मॅनेजर मला बाहेर म्हणाले, "नाही जमलं तर नाशिकचा माणूस ठरलेला आहे. नंतर रागवायचं नाही."

घरी सगळं सांगितलं. सुगंधाने वायरची काळी टेप आणली आणि कीबोर्डच्या बटणावर चिकटवली. "आता दाब कसा दाबतोस तो."

मग मी सुरांची नावं सोडली आणि अंतरं मोजली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकसारख्या मोजल्या की ब्लूज स्केल येतं तीन, दोन, एक, एक, तीन, दोन. कुठल्याही पट्टीपासून निघा, मोजणी तीच. कॉर्डचंही तसंच. चुलीपाशी बसून सुगंधा ओरडायची, "काली तीन!" मी तिथून निघायचो. चुकलो की मुलगी टाळ्या वाजवायची.

दिवसा लावणी चालू होती. तिथेही तोंडात तीन, दोन, एक, एक. बांधावर उभी राहून सुगंधाने विचारलं, "ही कशी लावलीस? हिकडं लांब, हिकडं चिकटून?" बघतो तर दोन ओळी ब्लूजमध्ये लागल्या होत्या. उपटून पुन्हा लावायला वेळ नव्हता.

शनिवारी मॅडम आल्या त्या खोकतच. "आज ए फ्लॅट."

म्हणजे काळी चार. हात लाकडाकडे गेला नाही. मोजत निघालो. दुसऱ्या फेरीत एक कॉर्ड साफ चुकला. लग्नात चुकलं तरी थांबायचं नसतं, थांबलं की नाचणाऱ्यांचा फेर मोडतो. म्हणून पुढच्या फेरीत तोच चुकीचा कॉर्ड त्याच जागी पुन्हा वाजवला, जणू ठरवूनच. मॅडमनी वळून बघितलं आणि म्हणाल्या, "वा!"

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

"दिवाळीपर्यंत पक्कं," मॅनेजर म्हणाले. नाशिकच्या माणसाला त्यांनी माझ्यासमोरच नको म्हणून कळवलं. मीही यंदा येत नाही म्हणून गोदामात फोन करून टाकला. फोन ठेवल्यावर रिसॉर्टच्या पायरीवर बसून एकटाच हसत होतो.

लग्नं आता पुन्हा सुरू होतील. टेप मी काढलेली नाही. धडा म्हणाल तर एवढाच, "येतं" म्हणण्याआधी कुठून-कुठून येतं ते बघून घ्यावं. आणि लावणी करताना डोक्यात स्केल ठेवू नये. परवा त्या दोन ओळी कापायला आल्या. सुगंधा विळा चालवत मोठ्याने मोजत होती, "तीन, दोन, एक, एक." यंदा पुढच्या ओळीत विळा घेऊन मी होतो.