रिनाचे रविवार

आमच्याकडे माणूस डोंगरावर जातो तो काहीतरी आणायला. मोहाची फुलं, तेंदूची पानं, सरपण, झाडूचं गवत. रिकाम्या हातानं खाली आलेला माणूस दिसला की आम्ही समजतो, याला वाघ दिसला असणार.

माझी नात रिना शनिवार-रविवारी इटलीतले डोंगर चढते आणि रिकाम्या हातानं खाली येते. एवढ्यावरून आमच्या गावात तीन महिने जे तोंड चाललं, ते मी लिहून ठेवते आहे. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यातलीही अर्धी भावंडं सांभाळण्यात गेली. पण राग आला की अक्षरं भराभर येतात.

रिना माझ्या देवरावची मोठी मुलगी. आमचं गाव पोंभुर्ण्यापासून सात किलोमीटर. आठवीत तिला शाळेतून सायकल मिळाली, तेव्हा घरात सगळे खूश झाले. देवरावला वाटलं, धानाचं पोतं गिरणीवर न्यायची सोय झाली. माझ्या सुनेला, साधनाला वाटलं, बाजार करता येईल. मला तर कॅरिअर बघताच गवताचा भारा दिसला. पोरीला काय वाटलं ते कोणी विचारलं नाही. ती सायकल सकाळी शाळेत जायची आणि संध्याकाळी कशानं तरी लादून यायची. नुसती कधी आली नाही.

आणि रविवार माझा. अंधार असतानाच मी तिला हलवून उठवायची. मार्चात मोहा, मे महिन्यात तेंदूपत्ता, एरवी सरपण. बारावीच्या दोन पेपरांच्या मध्ये रविवार आला, तेव्हाही मी तिला मोहा वेचायला नेलं. टोपलीत पुस्तक उघडं ठेवून ती वाकून वेचत होती. एकदा माथ्यावर गेल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, इथून नदी दिसते." मी म्हटलं, नदी पळून जात नाही, ऊन चढून राह्यलं, वेच.

ती शिकली. चंद्रपूर, मग नागपूर, मग अर्ज भरून, नंबर काढून, सरकारी शिष्यवृत्तीवर इटलीत गेली. औषधं कशी तयार करतात त्याचं मोठं शिक्षण. तिच्या शहराचं नाव त्रेन्तो. चारी बाजूंनी डोंगर.

पहिला हिवाळा ती खोलीतच पुस्तकं घेऊन बसली. मग बरोबरच्या मुलींनी ओढून नेलं आणि फोटो यायला लागले. डोक्यावर टोप, अर्धी पँट, जाड चाकांची सायकल. लाकडाच्या एका झोपडीपुढे बसून मक्याचा घट्ट घाटा खाताना. तिकडे दगडांवर लाल-पांढरा पट्टा मारलेला असतो म्हणे, वाट चुकू नये म्हणून. वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस ओळख नसली तरी नमस्कार करतो. माझ्या वयाचे म्हातारे-म्हाताऱ्या दोन्ही हातांत काठ्या घेऊन चढतात. मी विचारलं, गुरं कुठी गेली त्यांची? रिना इतकी हसली की फोन खाली पडला.

आता बापूजींबद्दल. बापूजी म्हणजे आमचे रिटायर गुरुजी. रोज संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसतात. ते फोटो त्यांच्या मोबाईलवर कसे गेले ठाऊक नाही, पण एकेकाला जवळ बोलावून बोटानं मोठे करून दाखवायचे. म्हणायचे, शिकायला पाठवली होती, सहलीला नाही. सरकारच्या पैशावर भटकते. अशानं उद्या आपल्या पोरांना कोण पाठवणार. त्यांचा मुलगा राजदीप कंपनीच्या मित्रांबरोबर गोव्याला गेला होता, तेव्हा तो जग बघून राह्यला होता. तो फोटो अजून त्यांच्या घरात फ्रेम करून लावलेला आहे. त्यातही अर्धीच पँट आहे.

बाया पण मागे नव्हत्या. नळावर माझ्या देखत बोलायच्या, एवढं शिकून पोट्टी सायकल चालवते.

मी ऐकत होते. वाटायचं, बोलू दे, थकतील. पण पोळ्याच्या आठवड्यात साधनानं सांगितलं की रिना तीन महिन्यांपासून कुठं जातच नाही. सायकल मैत्रिणीला देऊन टाकली. शनिवार-रविवार खोलीत बसून असते. मैत्रिणी खालून हाका मारतात तर डोकं दुखते सांगते.

माझं डोकं फिरलं. रविवारच्या वंदनेला सगळे जमतात, म्हणून मी मुद्दाम रविवार धरला. वंदना झाली, माणसं चपला शोधत होती, तेव्हाच मी बापूजींना विचारलं, "बापूजी, तुमच्या राजदीपनं बारावीपर्यंत किती रविवार मोहा वेचला?"

ते म्हणाले, "विषय तो नाई, गिरजाबाई."

"विषय तोच हाय. माह्या नातीचे सारे रविवार या डोंगरात गेले. तवा तुम्ही तिले भटकते नाई म्हटलं. डोक्यावर भारा होता म्हणून का?"

बापूजी चष्मा पुसायला लागले. एकीला खोकला आला, तोही तिनं पदरात दाबला. मी अशी ताठ घरी आले की गुडघ्यांनासुद्धा बोलायची हिंमत झाली नाही.

लगेच साधनाकडून फोन लावून घेतला. रिनाला सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, त्यांचं तोंड बंद केलं मी, आता तू बिनधास्त जा.

ती म्हणाली, "आजी, बापूजींचं मले काही नाई वाटत. ते मी दहावीत होती तवापासून बोलून राह्यले. तू हसली होती."

मी कधी हसले, विचारलं. तिनं सांगितलं. सांगता सांगता मलाच आठवलं.

मे महिना होता. आमच्या अंगणात सात-आठ जणी तेंदूपत्त्याचे पुडके बांधत बसल्या होत्या. रिनाचा फोन आला. ती माथ्यावर पोचली होती, धापा टाकत होती, फोन गोल फिरवून बर्फ दाखवत होती. सगळ्या जणी ऐकतात हे बघून मला चेव आला. मी म्हटलं, "काय आणलं वं तिथून?" ती म्हणाली, काही नाई. "मंग काऊन चढली? बिनकामाचं ढोर असं फिरते." सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. ती "हो ना" म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्याचा राग मला चांगला येतो. जन्मभर केला आहे. स्वतःचा आला तर तो घेऊन बसायचं कुठं, ते कळेना. दोन दिवस भाजीत मीठ पडलं नाही आणि घरात कोणी मला सांगितलंही नाही. फोनवर माफी मागायचीही पद्धत आमच्यात नाही. नातीला काय म्हणू? चुकली म्हणू? ती म्हणेल, जाऊ दे आजी. आणि खोलीतच बसून राहील.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. मी गोंड मोहल्ल्यात बुधरीकडे गेले. आम्ही दोघी लग्न होऊन या गावात एकाच वर्षी आलो. म्हटलं, डोंगरावर चल. तिनं विचारलं, काय आणायले? मी म्हटलं, काहीच नाई. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तरी निघाली. सवयीनं टोपली काखेत. ती मी गावाबाहेरच्या शेवटच्या घरी ठेवायला लावली, तर वाटभर म्हणत राहिली, हात कुठी ठेवू ते समजत नाई. साधना फोन घेऊन बरोबर होती. वाघाची भीती आहेच, म्हणून तिघींच्या हातात काठ्या आणि तोंड मोठ्यानं चालू. अर्ध्या वाटेत वारुळावर पांढऱ्याशुभ्र सात्या, म्हणजे अळंबी, फुटलेल्या, कोवळ्या, वर्षातून आठ दिवस मिळतात त्या. तिघी थांबलो. मी म्हटलं, राहू द्या. बुधरी माझ्याशी बोलायचीच बंद झाली.

वर गेल्यावर दगडावर बसलो. गुडघे आपलं सांगत होते. मग मी मान वर केली. नदी होती. अंधारी नाव तिचं, पुराचं लाल पाणी घेऊन, धानाच्या बांध्यांमधून वळत वळत. पन्नास वर्षं मी या माथ्यावर येते आहे आणि पन्नास वर्षं माझी मान खाली, पानात. बुधरीही बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "लय मोठी हाय वं." तिचा अबोला तिथंच मोडला.

साधनाला म्हटलं, फोटो काढ. दोन्ही तळहात उघडे करून समोर धरले आणि रिनाला पाठवून दिला.

उत्तर खाली उतरेपर्यंत आलं. साधनानं वाचून दाखवलं. आजी, हात रिकामे दिसून राह्यले, पण पदराच्या गाठीत काय आहे?

बुधरीनं माझा पदर ओढला. आतून चार सात्या निघाल्या. तिनं मला गोंडीत काय काय म्हटलं ते मला कळलं नाही असं मी धरून चालते.

बापूजी अजून ओट्यावर बसतात आणि अजून बोलतात. आता माझ्यावरही बोलतात, म्हातारी नातीच्या नादानं बिघडली म्हणून. बोलोत. माझा राग त्यांना पुरून उरेल एवढा आहे.

परवाच्या रविवारी दुपारी फोन वाजला. मागे पिवळी पडलेली झाडं, डोक्यावर टोप, तोंड लालबुंद, धापा. सायकल परत घेतली होती. अंगणात दोघी-तिघी बसल्या होत्याच, कान माझ्याकडे लावून. 'काय आणलं' हे माझ्या जिभेवर आलं होतं, सत्तर वर्षांची सवय. ते गिळलं आणि विचारलं, "नदी दिसते का वं तिथून?"

"दिसते आजी. थांब, दाखवते."

साधना आत तांदूळ पाखडत होती. तिला हाक मारली. म्हटलं, सूप तसंच ठेव आणि ये.